भाचीच्या भेटीचे दिवस

माझी धाकटी बहीण नवऱ्याचं घर सोडून माझ्याकडं आली तेव्हा भाची पाच वर्षांची होती. आई-वडील आधीच गेलेले. माहेर म्हणून उरलेलं ठिकाण म्हणजे मीच. मी अंबडला राहते, एसटीत कंडक्टर आहे. आमचे हे ट्रकवर असतात, महिन्यातले थोडेच दिवस घरी. मुलगा शिकायला बाहेरगावी. घरात जागा होती. बहिणीनं दारात चप्पल काढली, भाचीच्या पायातली काढली आणि म्हणाली, "अक्का, आता मी परत जात नसते."

मी कारण विचारलं नाही, ते मला ठाऊक होतं. जावई जालन्यात एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात कामाला. दारू नाही, मारहाण नाही. पण माणूस संशयी. ही दूध आणायला गेली की परत येईपर्यंत दारात उभा. फोन वाजला की, "कोणाचा व्हता?" शेजारणीला गाठून विचारायचा, आज आमच्याकडं कोण आल्तं का. पहिली काही वर्षं बहिणीनं ते प्रेम म्हणून चालवून घेतलं, मग सवय म्हणून. शेवटी एक दिवस तिनं स्वयंपाकघरातून ऐकलं, तो पोरीला मांडीवर घेऊन विचारत होता, "मम्मी आज फोनवर हसत व्हती का?" त्या दिवशी तिनं पिशवी भरली.

तिला अंबडमध्येच एका मेडिकलच्या दुकानात काम मिळालं. भाचीला शाळेत घातलं. पोटगीसाठी अर्ज करायचा तर वकील कुठून आणायचा, असा प्रश्न पडला तेव्हा माझ्याच गाडीतल्या एका बाईनं सांगितलं की जालन्याच्या कोर्टात बायकांना फुकट वकील मिळतो. मला ते ऐकूनच खटकलं. फुकट म्हटलं की माझा हात आपोआप मागं जातो. आमच्या नोकरीत फुकट प्रवास करणाऱ्याचं तोंड लांबूनच ओळखू येतं. तो खिडकीबाहेर जरा जास्तच बघत असतो. मी बहिणीला म्हटलं, "बघू तरी कोण भेटतंय ते."

भेटल्या त्या वकीलबाई माझ्याच वयाच्या, बारीक, चष्मा लावणाऱ्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मधे एकदाही 'अरेरे' म्हटलं नाही. मला तेही आवडलं नव्हतं.

आमचा पोटगीचा अर्ज गेला आणि त्याच्या पाठोपाठ जावयाचा अर्ज आला, मुलीला भेटू द्या म्हणून. मी वकीलबाईंना म्हटलं, "मॅडम, इतके महिने पोरगी जेवली का उपाशी झोपली, एकदा विचारलं न्हाई त्यानं. आताच कशी आठवण आली? पोटगी बुडवायचा डाव हाय हा."

"असेल," त्या म्हणाल्या. "नसेलही. पण मुलीला बाप भेटायला हवा, असं कोर्ट म्हणणारच. हा हक्क त्यांच्यापेक्षा तिचा जास्त आहे."

मी मनात म्हटलं, ही आपली वकील आहे का त्याची?

कोर्टानं सुरुवातीला कोर्टाच्याच इमारतीत भेट ठरवली. पहिला आणि तिसरा शनिवार, दुपारी दोन तास. तिथं मुलांसाठी एक खोली होती. भिंतीवर फुलपाखरं रंगवलेली, कोपऱ्यात प्लॅस्टिकची घसरगुंडी, एका टोपलीत चाकं निघालेल्या गाड्या. एक बाई देखरेखीला बसायच्या. बहिणीला त्याचं तोंडही बघायचं नव्हतं, म्हणून भाचीला न्यायचं काम माझ्याकडं आलं. मी ड्युट्या बदलून घेतल्या. शनिवारी शाळा सकाळची असते. सुटली की तिला तसंच गणवेशात घेऊन मी जालन्याच्या गाडीत बसायची.

पहिल्या भेटीला मी बाहेरच्या बाकावर बसले, दार अर्धवट उघडं राहील असं पायानं ढकलून. जावई आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, केस भिजवून, हातात मोठी बाहुली. मला बघून म्हणाला, "बऱ्या हात का, अक्का?" मी मान हलवली. आत जाऊन तो खाली फरशीवर बसला. भाची घसरगुंडीला धरून उभी. तो म्हणाला, "ये की." ती माझ्याकडं बघायला लागली. बराच वेळ माझ्याकडं आणि त्याच्याकडं बघत राहिली. मग गेली.

शेवटी तो तिच्या कानाशी वाकून काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही. तिथून सगळं सुरू झालं म्हणायला हरकत नाही.

परतीच्या गाडीत मी तिला खिडकीकडं बसवलं आणि विचारलं, "काय म्हणले पप्पा कानात?"

"काही न्हाई."

"मम्मीबद्दल इचारलं का?"

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "हो," म्हणाली.

"काय इचारलं?"

"मम्मी कुठं जाती."

मला वाटलं, बघ, बरोबर पकडलं. घरी येऊन मी बहिणीला सांगितलं. तिनं भाचीला पुन्हा तेच विचारलं, पोरीनं पुन्हा तेच सांगितलं, थोडं वाढवून. बहीण त्या संध्याकाळी जेवली नाही. "सुधरला न्हाई, अक्का. मी सोडून आले तरी पोरीच्या तोंडून माझ्यावर पाळत ठेवून राह्यलाय."

मग प्रत्येक शनिवारी तेच. गाडी कोर्टापासून लांब गेली की मी विचारायची. कोणाचा फोन आला का त्यांना? तिकडची आजी काय म्हणती? तुला कुठं नेतो म्हणले का? मला भीती होती की हा एक दिवस पोरीला उचलून सुरतेला नेईल, तिकडं त्याचा भाऊ आहे. भाची उत्तरं द्यायची. कधी झटकन, कधी थांबून, माझ्या तोंडाकडं बघत. उत्तर आवडलं की मी तिला जवळ घ्यायची, हे मला तेव्हा कळत नव्हतं. तिला मात्र कळत असणार.

काही महिने गेले. देखरेखीच्या बाईंनी चांगला शेरा दिला असावा, कारण कोर्टानं पुढचं पाऊल टाकलं. आता महिन्यातले दोन रविवार, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, बाप मुलीला घरी नेऊ शकत होता. अंबडच्या बसस्टँडवर मी सोपवायची, तिथंच त्यानं आणून द्यायची. मी वकीलबाईंवर चिडले. "तुम्ही विरोध का न्हाई केला?"

"केला असता तर काय सांगितलं असतं? की मावशीला भरवसा नाही?"

त्याच दिवशी मी त्यांना कोर्टाबाहेरच्या टपरीवर जावयाच्या वकिलासोबत चहा पिताना बघितलं. तो काहीतरी बोलत होता आणि या हसत होत्या. बहिणीला म्हटलं, "ही बाई विकली गेली. लिहून ठेव." मला रात्रभर डोळा लागला नाही. पुढच्या तारखेला मी त्यांना थेटच विचारलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या गाडीचा ड्रायव्हर आणि समोरून येणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर एकमेकांना हात करतात का नाही? म्हणून गाड्या बदलतात का?"

मला ते पटलं नाही. त्या दिवसापासून त्या कागदावर काय लिहितात ते मी दोनदा वाचून घ्यायला लागले.

तिसऱ्या का चौथ्या रविवारी भाची परत आली तेव्हा तिच्या हाताला मेंदी होती. तळहातावर वाकडं फूल, बोटांच्या टोकांना टोप्या. मी बसस्टँडवरच विचारलं, "कोणी काढली गं?"

तिनं हात फ्रॉकला पुसला.

"आजीनं?"

"न्हाई."

"मंग? पप्पाकडं कोणी बाई येती का?"

तिनं मेंदीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "एक काकू हाय," म्हणाली.

"कोण काकू?"

"पप्पाच्या घरी राहती. पोळ्या करती."

माझ्या बहिणीवर संशय घेऊन तिचं जगणं हराम करणारा हा माणूस, अजून घटस्फोट झालेला नाही, आणि घरात बाई आणून बसवतो! घरी गेल्यावर बहिणीनं विचारलं तेव्हा काकूला हिरवी साडी आली. दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा काकू पप्पांना 'अहो' म्हणायला लागली. आम्ही दोघी बहिणी स्वयंपाकघरात बसून एकेक गोष्ट जुळवत होतो आणि भाची बाहेर पायरीवर बसून मेंदी नखानं खरवडत होती.

मी वकीलबाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "काकू हा शब्द आधी कोण बोललं? ती का तुम्ही?"

"तीच बोलली."

"आणि बाईचं कोणी काढलं?"

मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही आमची बाजू घ्या ना जरा."

त्यांनी तेव्हा सांगितलं की हे कोर्टात घालायची घाई नको. मुलीच्या तोंडचं कोर्टात गेलं की मुलगी कोर्टात येते. पण बहीण ऐकेना, मीही तिला ऐकू दिलं नाही. शेवटी त्यांनी अर्ज लिहिला, 'मुलीच्या सांगण्यावरून असे समजते की' असं सुरुवातीला घालून. मागणी एवढीच की रविवारच्या भेटी थांबवाव्यात.

त्या अर्जाला जावयाकडून जे उत्तर आलं, ते वकीलबाईंनी आम्हाला त्यांच्या टेबलासमोर बसवून वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की मुलीची आई आणि मावशी दोघी कामाला जातात, मुलीला घरात कोंडून बाहेरून कडी लावतात. मावशीचा नवरा घरी असला की दारू पितो आणि मुलीला घाबरवतो. मुलीनं हे स्वतः वडिलांना रडत सांगितलं आहे. सबब मुलीचा ताबा वडिलांकडे द्यावा.

मी ताडकन उठले. आमचे हे, भाचीचे मोठे पप्पा, माळकरी. दारूच काय, तंबाखूलाही शिवत नाहीत. आणि भाची शाळेतून सुटल्यावर खालच्या मजल्यावरच्या घरमालकिणीकडं असते, तिच्या नातींबरोबर. "शिकवलं!" मी ओरडले. "त्यानं पढवलंय पोरीला! असं कोणी खोटं बोलतं का?"

वकीलबाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "तेही आत्ता हेच म्हणत असतील."

कोर्टातल्या जजसाहेबांनी दोन्ही कागद वाचले. पुढच्या तारखेला मुलीशी मी स्वतः बोलेन, असं म्हणाले. तोपर्यंत भेट चालू, पण घरी न्यायचं नाही, बाहेरच भेटायचं, जिल्ह्याबाहेर जायचं नाही.

त्या मधल्या रविवारी भाची सांगत होती, पप्पा तिला जांबला देवळात नेणार. मला वाटलं, जांबच का? तिथं कोण भेटणार आहे? ती हिरव्या साडीवाली? बसस्टँडवर पोरीला त्याच्या मोटरसायकलवर बसवून दिलं आणि मी घरी न जाता मागच्या गाडीनं निघाले, पुढं काळीपिवळी जीपनं. तोंडाला स्कार्फ गच्च बांधलेला, फक्त डोळे उघडे. गाडीत ओळखीचा कंडक्टर होता. "कुठं निघालात मॅडम, आज सुट्टीच्या दिवशी?" मी म्हटलं, "देवाला." देवाचंच नाव घेतलं, त्यामुळं खोटंही वाटलं नाही.

जांबला गर्दी बेताची होती. लांबून आलेल्या दोन गाड्यांतली माणसं, नारळवाले, खेळणीवाले. मी प्रसादाच्या दुकानाच्या आडोशाला उभी राहिले. दोघं देवळातून बाहेर आले. बाई नाही, कोणी नाही. तो वाकून तिच्या सँडलचा पट्टा लावत होता. लावता येईना, म्हणून ती त्याला शिकवत होती. मग त्यानं वर बघितलं आणि सरळ माझ्याकडं चालत आला.

"अक्का," तो म्हणाला, "तोंड बांधलं तरी उभं राहायची तऱ्हा लपत न्हाई. गाडीत उभं राहिल्यावानी पाय फाकवून उभ्या असता तुम्ही."

मी स्कार्फ सोडला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. म्हटलं, "पाळत ठेवली म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. तुमच्याकडूनच शिकले."

त्याचा चेहरा उतरला. भांडेल असं वाटलं होतं, पण तो तिथल्याच चहाच्या टपरीकडं वळला आणि बाकावर बसला. भाची त्याच्या आणि माझ्या मधे उभी, हातात प्रसादाचा द्रोण. तो हळू आवाजात म्हणाला, "अक्का, देवाच्या दारात हाव आपण. एकच खरं सांगा. कोंडता का हिला?"

"कोण म्हणतं?"

"हीच म्हणती."

"आन तुमच्या घरी कोण बाई राहती?"

"कोण बाई?"

"हिरव्या साडीवाली. पोळ्या करणारी."

तो माझ्याकडं बघतच राहिला. "माझ्या घरी मी हाव आन आई हाय. आईचे गुडघे गेलेत, म्हणून मीच भाकरी थापतो. कशा होतात ते इचारू नका. कोण बाई, अक्का?"

"मंग मेंदी कोणी काढली?"

"समोरच्या घरी लगीन व्हतं. तिथल्या पोरी सगळ्या लेकरांना काढून देत व्हत्या."

माझा विश्वास बसला नाही. खोटं बोलणारा माणूस इतक्या पटकन उत्तर देतो, असं मला वाटलं. आणि खरं बोलणारासुद्धा तेवढ्याच पटकन देतो, असंही लगेच वाटलं. त्याच्या तोंडावर दिसत होतं की माझ्या बोलण्यावर त्याचाही विश्वास नाही. मग आम्ही दोघांनीही एकदमच खाली भाचीकडं बघितलं.

ती पांढरी पडली होती. आमच्या दोघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होती, कोर्टातल्या त्या खोलीत पहिल्या दिवशी बघत होती तशी. आणि मग घाईघाईनं बोलायला लागली.

"काकू व्हती. पण आता गेली. ती पप्पाकडं न्हाई, समोर राहत व्हती. आन मावशीनं कडी लावली व्हती, पण ते मांजर येऊ नये म्हणून. मी आतच होते, पण मला राग न्हाई आला. आन मोठे पप्पा दारू न्हाई पीत, ते औषध पितात, त्याचा वास येतो..."

ती थांबेना. आम्हा दोघांपैकी कोणीच खोटं ठरू नये म्हणून ती दोन्ही गोष्टी एकमेकींना शिवत होती. एक टाका घातला की दुसरीकडं उसवायचं, तिथं ती पुन्हा घालायची. सात वर्षांची पोर. द्रोणातला प्रसाद सगळा खाली सांडला होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

जावई बाकावरून उतरून तिच्यासमोर बसला. "बास बेटा," म्हणाला. "कोणी न्हाई काही इचारत. बास." मी तिला जवळ ओढलं तर ती लाकडासारखी ताठ. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मावशी, तू पप्पाला रागावली का?" मी नाही म्हटलं. मग तिनं त्याला विचारलं, "पप्पा, तुम्ही मावशीला रागावले का?" तोही नाही म्हणाला. तिला ते खरं वाटलं नसावं. कसं वाटणार?

चहावाल्यानं न मागता तीन ग्लास पाणी आणून ठेवलं. आम्ही प्यायलो. जावई म्हणाला, "अक्का, दर भेटीत मी हिला इचारायचो, तिकडं तुला कोणी तरास देतं का. पहिल्यांदा न्हाई म्हणायची. मंग मी पुन्हा इचारायचो."

मी काय विचारायची ते त्याला सांगायची गरज नव्हती.

परत येताना तो मोटरसायकलवर पोरीला घेऊन पुढं आणि मी मागच्या गाडीत. एवढं होऊनही मनात आलंच, हा सरळ अंबडलाच जाईल ना? कच्च्या रस्त्यानं दुसरीकडं वळला तर? बसस्टँडवर पोचले तेव्हा दोघं उसाच्या रसाच्या गाड्याजवळ उभे होते.

संध्याकाळी बहिणीला सगळं सांगितलं. ती पोळपाटावर पीठ तसंच ठेवून ऐकत होती. मग म्हणाली, "मी ज्याच्यामुळं घर सोडलं, तेच आपण इथं करून राह्यलो, अक्का." तिनं भाचीला हाक मारली, मग तिनंच "काही न्हाई, खेळ" म्हणून परत पाठवली.

वकीलबाईंना सांगितलं तेव्हा त्या 'मी म्हटलं होतं' असं म्हणाल्या नाहीत. त्यांनी तिथंच जावयाच्या वकिलांना फोन लावला. दोघांनी ठरवून दोन्ही अर्जांतले आरोप मागं घ्यायची तयारी केली. मला तेव्हाही वाटलं, यात कोणाचा काय फायदा? हे दोघं मिळून आम्हाला गुंडाळत तर नाहीत? मी बहिणीला म्हटलं, "सही करायच्या आधी मी वाचणार." वाचलं. नीट होतं.

तरी साहेब भाचीशी बोललेच. तारखेच्या दिवशी त्यांनी तिला एकटीला आपल्या खोलीत बोलावलं. आम्ही बाहेर. एका बाकावर मी आणि बहीण, समोरच्या बाकावर जावई आणि त्याची आई. म्हातारी गुडघे चोळत होती. आतून एकदा भाचीचं हसणं ऐकू आलं आणि आम्ही चौघंही दाराकडं बघायला लागलो. जावयानं माझ्याकडं बघितलं. मला खात्री आहे, त्या क्षणी त्याच्या आणि माझ्या मनात एकच प्रश्न होता, की आत काय सांगून राह्यली?

मग आई-बापाला आत बोलावलं. बाहेर आल्यावर बहिणीनं मला सांगितलं, साहेब म्हणाले की मुलगी माझ्याशी जे बोलली ते मी तुम्हाला सांगणार नाही आणि तुम्हीही तिला विचारायचं नाही. इकडं काय झालं ते तिकडं नाही, तिकडचं इकडं नाही. समुपदेशन करणाऱ्या बाईंकडं दोघांनी काही वेळा जायचं, असंही सांगितलं.

पुढं ठरलं ते असं. भाची आईकडं राहणार, शाळा अंबडचीच. महिन्यातले दोन शनिवार-रविवार बापाकडं, मुक्कामासह. दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी निम्मी-निम्मी. बुधवारी संध्याकाळी बापाचा फोन, त्या वेळी तिच्याजवळ कोणी उभं राहायचं नाही. घटस्फोटाचं प्रकरण वेगळं चाललं आणि दोघांच्या संमतीनं संपलं. बहीण पुन्हा त्याच्याशी बोलली नाही, फक्त भाचीच्या तापाचं, परीक्षेचं तेवढं कळवते. तिला त्याच्यावर भरवसा नाही आणि मी तिला ठेव म्हणूनही सांगितलं नाही. माझाही नाही. माणूस बदलला की न विचारायला शिकला, हे बाहेरून ओळखता येत नाही.

पहिल्या मुक्कामाहून ती आली तेव्हाची संध्याकाळ अवघड गेली. ती आली, चपला काढल्या, पाणी प्यायली आणि खोलीच्या मधोमध उभी राहिली. वाट बघत होती ती. आता विचारतील, आणि मग काय सांगायचं याची तयारी तिच्या तोंडावर दिसत होती. बहीण भांडी घासत राहिली. मी भाजी निवडत राहिले. जिभेच्या टोकावर सगळं होतं, जेवण कोणी केलं, झोपलीस कुठं, कोण आल्तं. मी म्हटलं, "भूक लागली का गं?"

"न्हाई," ती म्हणाली. आणखी थोडी उभी राहिली. मग बाहेर गेली, घरमालकिणीच्या नातींकडं.

असे बरेच रविवार गेले. सुरुवातीला ती नुसतीच उभी राहायची. पुढं उभं राहणं कमी झालं. आता ती पाचवीत आहे, उंच झालीय, दफ्तर आल्या आल्या खाटेवर फेकते.

मागच्या खेपेला मी स्वयंपाकघरात होते. ती आत आली, डब्यातला शेंगदाण्याचा लाडू घेतला आणि भरल्या तोंडानंच म्हणाली, "मावशी, पप्पाला भात येतच न्हाई करायला. खालून करपतो आन वरून कच्चा राहतो. आजी तरी खाती बिचारी."

कोणी काही विचारलं नव्हतं. मी तिच्याकडं बघितलं. वाटलं, हे हिला खरंच सांगावंसं वाटलं, का मला ऐकायला बरं वाटेल म्हणून सांगितलं? तिकडं जाऊन माझ्या भाजीबद्दल असंच काही सांगत असेल का? तिचं तोंड निरखलं, गाडीतल्या माणसाचं निरखते तसं. काही कळलं नाही. ती लाडू खात होती, आणि ओठाला कूट लागलेलं होतं.

मी म्हटलं, "अजून एक घे."